न निघालेल्या दुधाचा हिशोब

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत दूध संकलन केंद्राच्या जुन्या वह्या आहेत. पासबुकाएवढ्या, खाकी पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानावर तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. दर दहा दिवसांनी बेरीज, त्यातून पेंडीचे पैसे वजा, आणि उरेल तो 'दुधाचा पगार'. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांची मेसची बिलं याच पगारातून गेली. मागच्या दिवाळीत घराला रंग काढायचा म्हणून ट्रंक अंगणात आणली, तेव्हा मी त्यातल्या दोन वह्या पुण्याला घेऊन आलो आणि एका रविवारी बसून सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले. आठवडाभर सर्व्हरचे आलेख बघणाऱ्या माणसाला रविवारी दुसरं काय सुचणार!

वह्या चांदीच्या आहेत. चांदी म्हणजे आमची होल्स्टीन संकरित गाय. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात तेव्हा ती एकटीच दुभती होती. पहिली वही तिच्या दुसऱ्या वेताची, दुसरी तिसऱ्या वेताची. या तिसऱ्या वेतात, व्यायल्यानंतर पाचव्या महिन्यात, तिच्या मागच्या डाव्या सडाला सूज आली. कासेचा तेवढा भाग दगडासारखा कडक आणि गरम, हात लावला की लाथ. धारेत आधी गाठी आल्या, मग पिवळसर पाणी. पुस्तकात याला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात, आमच्याकडे 'दगडी'. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली. ताप उतरला, गाय वाचली, सड मात्र गेला. तीन सडांच्या गाईला बाजारात काय भाव येतो, हे ज्याने विकली आहे त्याला सांगायला नको.

घरात ही गोष्ट 'त्या पावसाळ्यात चांदीला दगडी झाली' अशी सांगितली जाते. स्प्रेडशीटमधला आलेख जरा वेगळी गोष्ट सांगतो. दोन्ही वेतांच्या रेघा सुरू होतात सोळा लिटरच्या आसपास. दुसऱ्या वेताची रेघ सावकाश उतरते, जशी कुठल्याही गाईची उतरते. तिसऱ्या वेताची रेघ तिसऱ्या महिन्यापासूनच जास्त घसरते, आणि सूज दिसण्याआधीचे सात-आठ आठवडे ती साधारण दोन लिटर खाली चाललेली आहे. खरं तर गाय चौथ्या-पाचव्या वेतापर्यंत दुधाला वाढत जाते, म्हणजे ही रेघ वर असायला हवी होती. तेव्हा आम्ही कारणं शोधली नव्हती असं नाही. पेंड बदलली, ऊन वाढलं, वैरण वाळकी पडली, गाय पान्हा चोरते, शेजारणीची दृष्ट लागली. अर्धा गाव गोठ्यात डोकावून मत देऊन गेला. कासेकडे कुणी पाहिलं नाही, कारण कासेला काही झालेलंच नव्हतं. निदान डोळ्यांना दिसेल असं.

त्याच आठवड्यांतला एसएनएफचा रकानाही उतरलेला आहे. ८.५ वरून ८.२ वर. दर कापला गेला, आणि एका संध्याकाळी केंद्रावरच्या माणसाने रांगेतल्या चारचौघांसमोर विचारलं, "आजी, पाणी जरा जास्त होतंय का?" आजी काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस कॅन घेऊन आई गेली.

हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे. दुधात पाणी नव्हतं, मग काय होतं? आणि ते कुणाला, कधीपासून माहीत होतं?

हातातून सडाकडे

कासेचं दुखणं माणसाने गाय दोहायला घेतली तेव्हापासूनचं असणार. पण ते एका गाईकडून दुसरीकडे जातं, आणि नेणारा बहुतेकदा धार काढणारा हात असतो, हे कळायला सूक्ष्मजीवशास्त्र जन्माला यावं लागलं. कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, पॅरिसजवळच्या आल्फोर इथल्या पशुवैद्यक शाळेचे एदमों नोकार यांनी मोलेरो यांच्यासोबत आजारी कासेच्या दुधात माळेसारखे जुळलेले जंतू दाखवले. १८८७ मध्ये त्यांचा सविस्तर निबंध आला. पुढे १८९६ मध्ये या जंतूला आज रूढ असलेलं नाव मिळालं, स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए. ग्रीकमध्ये 'गाला' म्हणजे दूध. त्याआधी आपल्यासारखाच नकाराचा 'अ'. म्हणजे जंतूची ओळख सूज, ताप, पू अशा कशावरून ठरली नाही. दूध नसणं, हीच त्याची ओळख ठरली.

दूध नाहीसं होतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. कासेत चार स्वतंत्र कप्पे असतात, प्रत्येकाला एक सड. कप्प्यात द्राक्षांच्या घडासारख्या बारीक पिशव्या, आणि पिशव्यांच्या अस्तरातल्या पेशी रक्तातून दूध घडवतात. त्यांच्या कामातलं मोठं काम म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर, तयार करणं. साखर जेवढी तयार होईल तेवढं पाणी ती आपल्याकडे ओढून घेते. दुधाचं आकारमान ठरतं ते प्रामुख्याने या ओढीने. जंतू सडाच्या टोकातून आत शिरला की गाईचं शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडते. या लढाईत अस्तराच्या पेशी जखमी होतात, साखर कमी तयार होते, पाणी कमी ओढलं जातं, दूध घटतं. अस्तर गळकं झाल्यामुळे रक्तातलं मीठ दुधात झिरपतं. लढाई लांबली तर जखमी पेशींच्या जागी नुसता व्रण उरतो. व्रण दूध देत नाही. त्या वेतात तर नाहीच, कधी कधी पुढच्या वेतातही नाही.

यातला बराचसा काळ बाहेरून काही दिसत नाही. दूध पांढरंच असतं, कास मऊच असते, गाय रवंथ करत असते.

पाणी की आजार

दुधातल्या या पेशी मोजायला पहिल्यांदा सुरुवात झाली ती गाईच्या काळजीने झाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शहरांना आपल्या दुधाची धास्ती होती. दुधातून क्षय येतो, घशाची साथ येते, असं दिसू लागलं होतं. १९११ मध्ये बॉस्टनमध्ये घशाच्या आजाराची मोठी साथ आली आणि तिचा माग दुधापर्यंत गेला. त्याच सुमारास, १९१० मध्ये, प्रेस्कॉट आणि ब्रीड या दोघांनी एक सोपी पद्धत मांडली. एक मिलिलिटरचा शंभरावा भाग दूध काचपट्टीवर एक चौरस सेंटिमीटरमध्ये पसरायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. डोळे शिणवणारं काम, पण आकडा मिळायचा. हा आकडा ग्राहकासाठी होता. गोठेवाल्याला त्यातून कळायचं ते इतकंच, की तुझं दूध नाकारलं.

नाकारण्याचं दुसरं जुनं कारण म्हणजे पाणी. आणि इथे मला आजीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तेही शंभर वर्षांपूर्वीचं. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कोएस्टलर यांनी दुधातलं क्लोराइड आणि लॅक्टोज यांचं गुणोत्तर काढायला सुरुवात केली. साखर घटली आणि मीठ वाढलं की हा आकडा चढतो, आणि कास आजारी असल्याचं सांगतो. दूधशास्त्राच्या पुस्तकांत तो अजून कोएस्टलर आकडा म्हणूनच येतो. १९२१ मध्ये अमेरिकेत हॉर्टव्हेट यांनी दुधाचा गोठणबिंदू अचूक मोजायचं उपकरण बनवलं. दुधात पाणी घातलं की सगळंच पातळ होतं, आणि गोठणबिंदू शून्याच्या दिशेने सरकतो. आजारी कासेच्या दुधात मात्र साखर जाते तिथे मीठ येतं. दूध आणि रक्त यांच्यातला तोल शरीर सांभाळतं, त्यामुळे गोठणबिंदू फारसा हलत नाही. म्हणजे पाणी घातलेलं दूध आणि दुखऱ्या कासेचं दूध लॅक्टोमीटरवर सारखंच हलकं दिसू शकतं, पण गोठवून पाहिलं तर त्यातला फरक कळतो.

केंद्रावर कुणी गोठवून पाहणार नव्हतं, आणि दहा लिटरच्या कॅनसाठी ती अपेक्षाही नाही. पण एसएनएफ उतरण्याला दोन कारणं असू शकतात, आणि दुसरं कारण विचारायला उपकरण लागत नाही. "आजी, गाईची कास बरी आहे ना?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

औषधाची चूक नव्हती

पुढचा टप्पा औषधांचा. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रने द्युबो यांनी मातीतल्या एका जंतूपासून जंतुनाशक द्रव्य वेगळं केलं. त्यातलं ग्रॅमिसिडिन जंतूंना मारायचं, पण रक्तात गेलं तर तांबड्या पेशीही फोडायचं. म्हणजे माणसाला टोचण्याची सोय नाही. कास हा मात्र बंदिस्त कप्पा. सडातून आत सोडलं की तिथल्या तिथे काम करतं. त्याच काळात न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात बोर्डन कंपनीने गाईंचा कळप ठेवला होता. फिरत्या चकतीवर उभ्या गाईंचं दूध यंत्राने निघायचं आणि लोक काचेमागून बघायचे. या कळपातल्या कासदाह झालेल्या गाईंवर हे नवं औषध वापरलं गेलं. प्रतिजैविकांच्या इतिहासातले सुरुवातीचे रुग्ण असे प्रदर्शनातल्या गाई आहेत, हे वाचून मला गंमत वाटली होती.

मग पेनिसिलिन आलं. युद्ध संपल्यावर ते स्वस्त झालं आणि मलमाच्या ट्यूबमधून थेट सडात जाऊ लागलं. नोकार यांचा जंतू पेनिसिलिनपुढे टिकत नव्हता. अनेकांना वाटलं, पाच-दहा वर्षांत कासदाह इतिहासजमा होणार.

तसं झालं नाही. अगॅलॅक्टिए मागे हटला, पण त्याची जागा स्टॅफिलोकॉकस ऑरियसने घेतली. तो कासेत गाठी करून दडतो आणि त्याच्या कित्येक वाणांना पेनिसिलिन पचवता येतं. शिवाय औषध दिलेल्या गाईचं दूध टाकीत मिसळलं की चीज बनवणाऱ्यांचं विरजणच मरायचं. पेनिसिलिनचा अंश दुधात राहतो, ही तक्रार आधी त्यांनी केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूबा संपत होत्या तेवढ्याच वेगाने नवे आजार येत होते. एकीकडे बऱ्या होणाऱ्या गाई, दुसरीकडे आजारी पडणाऱ्या गाई, आणि कळपातला एकूण आकडा जागच्या जागी.

शिनफील्डचं गणित

या कोड्याशी सगळ्यात चिकाटीने भिडले ते इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या शिनफील्ड इथल्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतले लोक. फ्रँक डॉड, फ्रँक नीव्ह, रॉजर किंगविल ही त्यांतली मुख्य नावं. त्यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. एखाद्या दिवशी कळपात किती सड आजारी सापडतील? हे दोन गोष्टींवर ठरतं: रोज नवे किती सड बाधित होतात, आणि एक सड बाधित झाला की किती दिवस तसा राहतो.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. हे सूत्र मी रोज वापरतो. आमच्या क्षेत्रात त्याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेत सरासरी किती माणसं उभी असतील? माणसं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. बँकेची रांग असो, सर्व्हरवरच्या विनंत्या असोत, नियम तोच. शिनफील्डच्या मंडळींनी गोठ्याकडे पाहून तोच विचार केला होता. नुसत्या ट्यूबा देऊन तुम्ही 'लागणारा वेळ' कमी करता, तोही थोडाच, कारण ज्या गाईंचा आजार दिसतो त्यांनाच ट्यूब मिळते. न दिसणारे आजारी सड महिनोन्महिने तसेच राहतात आणि दर दोहनाला शेजारणीला जंतू पुरवतात. 'येण्याचा वेग' तर तुम्ही हातही लावलेला नसतो.

म्हणून त्यांनी १९६० च्या दशकात खऱ्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर प्रयोग केले. सुरुवातीला अगदी दवाखान्यासारखी शिस्त लावून पाहिली. धार काढणाऱ्याला रबरी हातमोजे, कास पुसायला जंतुनाशक, दर गाईनंतर यंत्राचे कप गरम पाण्याने निर्जंतुक. त्यासोबत एक सुटसुटीत प्रकारही तपासला, आणि या सुटसुटीत प्रकारानेही नव्या बाधा सुमारे निम्म्याने कमी झाल्या. त्यातली मुख्य गोष्ट हास्यास्पद वाटावी इतकी साधी होती. दूध काढून झालं की प्रत्येक सड आयोडीनसारख्या जंतुनाशकाच्या छोट्या पेल्यात बुडवायचा.

यामागचं कारणही तितकंच साधं. दूध काढल्यावर सडाच्या टोकाचं छिद्र लगेच मिटत नाही, अर्धा-एक तास उघडं राहतं. दोहनाच्या वेळी हातावरून, फडक्यावरून, यंत्रावरून सडाला लागलेले जंतू याच वेळात आत सरकतात. बुडवलं की ते दारातच मरतात.

याला जोडून दुसरी गोष्ट: गाय आटवताना, म्हणजे भाकड काळ सुरू होताना, प्रत्येक सडात दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक सोडायचं. भाकड काळात दूध विकायचं नसतं, त्यामुळे औषध दुधात उतरण्याची भीती कमी, आणि लपलेल्या बाधा याच काळात जास्त बऱ्या होतात. उरलेल्या तीन गोष्टी अशा: दिसणाऱ्या आजारावर वेळेत उपचार करून त्याची नोंद ठेवायची, पुन्हा पुन्हा आजारी पडणारी गाय कळपातून काढायची, आणि दूध काढायचं यंत्र नियमित तपासायचं. पाच कलमांचा हा कार्यक्रम 'फाइव्ह पॉइंट प्लॅन' म्हणून जगभर गेला. त्यातली दोन कलमं नव्या बाधांचा वेग कमी करतात, दोन बाधेचा काळ कमी करतात, आणि भाकड काळातली ट्यूब थोडं दोन्ही करते.

ब्रिटनमध्ये याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९६० च्या दशकात तिथे शंभर गाईंमागे वर्षाला दिसणाऱ्या कासदाहाच्या सुमारे १५० घटना होत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सुमारे ४० वर आल्या. यासाठी कुठलंही नवं चमत्कारी औषध निघालेलं नव्हतं. पेनिसिलिन आधीही होतं, आयोडीन तर शंभर वर्षांहून जुनं.

आकडा दुपटीने, तोटा पायरीने

राहिला प्रश्न न दिसणाऱ्या आजाराचा. तो गोठ्यातच दिसावा यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाम आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये एक चाचणी दिली. चार खळग्यांची एक पाटी, प्रत्येक खळग्यात एका सडाचं थोडं दूध, त्यात तेवढंच साबणासारखं द्रावण, आणि पाटी गोल फिरवायची. साबण पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांतला डीएनए बाहेर पडतो आणि दूध घट्ट होऊन जेलीसारखं लोंबतं. पेशी जास्त, तर जेली जास्त. या चाचणीला सीएमटी म्हणतात. १९९० च्या दशकात पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या संशोधकांनी तर दाखवलं की कपडे धुण्याच्या पावडरचं तीन टक्क्यांचं द्रावणही हे काम करतं.

मग मोजणी यंत्रांकडे गेली. १९७० च्या दशकापासून दुधाच्या नमुन्यातल्या पेशी यंत्राने भराभर मोजता येऊ लागल्या, आणि लाखो गाईंचे दरमहा आकडे जमू लागले. आता पेशी आणि दूध यांचं नातं काढता येणार होतं. पण आकडे वेडेवाकडे होते. निरोगी गाईच्या एका मिलिलिटरमध्ये पन्नास हजार पेशी, आजारी गाईच्या कधी पन्नास लाख. सरासरी काढली की एक आजारी गाय सगळ्या आकड्याला ओढून नेते. १९८० मध्ये अली आणि शूक यांनी दाखवलं की या आकड्यांचा लॉगॅरिदम घेतला तर ते शहाण्यासारखे वागतात. त्यावरून एक मोजपट्टी ठरली: मिलिलिटरला एक लाख पेशी म्हणजे ३, दोन लाख म्हणजे ४, चार लाख म्हणजे ५. पेशी दुप्पट, की पट्टीवर एक पायरी वर.

आणि १९८२ मध्ये राउबर्टास आणि शूक यांनी पुढचं दाखवलं. पट्टीवर दर पायरीला घटणारं दूध जवळपास सारखंच असतं. अमेरिकेतल्या होल्स्टीन गाईंमध्ये दुसऱ्या वेतापासून पुढे, दर पायरीला संपूर्ण वेतात सुमारे ४०० पौंड, म्हणजे १८० किलो. पहिलारूंमध्ये त्याच्या निम्मं.

याचा अर्थ नीट पाहिला तर तो अस्वस्थ करणारा आहे. पेशी पन्नास हजारांवरून एक लाखावर गेल्या तेव्हा जेवढं दूध बुडतं, तेवढंच त्या चार लाखांवरून आठ लाखांवर गेल्यावर बुडतं. सगळ्यात जास्त नुकसान सगळ्यात आजारी गाईत होतं हे खरं, पण ते सुरू होतं फार खाली, जिथे कुणालाही काही संशय येत नाही. न निघालेलं दूध कुठल्याच वहीत चढत नाही, त्यामुळे ते बुडालं हे कळत नाही.

मी चांदीचं उलटं गणित मांडून पाहिलं. दिवसाला दोन लिटरची घट या पट्टीवर साधारण तीन पायऱ्यांची होते: पन्नास हजारांवरून चार लाखांवर. अमेरिकन गाईंचा नियम आमच्या संकरित गाईला जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, हे मलाही कळतं. पण चार लाख हा ओळखीचा आकडा आहे. युरोपात डेअरीला जाणाऱ्या कच्च्या दुधाची कायदेशीर मर्यादा हीच, मिलिलिटरला चार लाख पेशी. तिथे पेशींच्या आकड्यावर दुधाचा दर ठरू लागला आणि गोठेवाल्यांच्या सवयी बदलल्या. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये सरासरी पावणेसहा लाखांच्या आसपास होती, १९९० च्या दशकात ती दोन लाखांच्या खाली गेली. शास्त्रज्ञांची पत्रकं वीस वर्षं जे सांगत होती, त्याला दराच्या रकान्याने वजन आलं.

आमच्यापर्यंत काय आलं

हे सगळं विजयगाथेसारखं संपत नाही. संसर्गाने पसरणारे जंतू हटले तसे शेणामातीतले जंतू पुढे आले, आणि ते सड बुडवण्याला तितके दाद देत नाहीत. दुधासाठी केलेल्या निवडीचीही किंमत होती. जास्त दुधाच्या गाईची निवड करत गेलं की कासदाहाचा धोकाही थोडा थोडा सोबत येतो. नॉर्वेने हे लवकर ओळखलं आणि १९७८ पासून वळू निवडताना दुधाबरोबर कासेच्या आरोग्यालाही गुण द्यायला सुरुवात केली. इतर देश त्या वाटेला बरेच उशिरा लागले. आणि भाकड काळात सरसकट सगळ्या गाईंना प्रतिजैविक देण्याचं कलम, ज्याने इतकं काम केलं, ते आता युरोपात मागे घेतलं गेलं आहे. जानेवारी २०२२ पासून तिथे निव्वळ प्रतिबंध म्हणून सरसकट प्रतिजैविकं देता येत नाहीत. कारण जंतूही शिकतात.

आपल्याकडे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि गावठी गाईंच्या पोटी होल्स्टीन-जर्सीच्या कालवडी जन्मू लागल्या. १९७० पासून दूधमहापूर योजनेने दूध गोळा करायची साखळी उभी केली. या दोन्हींशिवाय आमच्या दुष्काळी पट्ट्यात चांदी नसती, आणि चांदीशिवाय माझी मेस नसती. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं उगीच म्हणत नाहीत. पण आमच्या गावापर्यंत काय काय आलं हे बघितलं तर: नायट्रोजनच्या पिंपात गोठवलेलं वीर्य आलं, फॅट मोजायचं यंत्र आलं, पेंडीची पोती आली, आजारी पडल्यावर द्यायची ट्यूब आली. सड बुडवायचा दहा-वीस रुपयांचा पेला आला नाही. चार खळग्यांची पाटी आली नाही. वहीत फॅट आणि एसएनएफचे रकाने आले, कारण दूध घेणाऱ्याला ते हवे होते. पेशींचा रकाना आला नाही, कारण त्या न दिसणाऱ्या दोन लिटरचं नुकसान फक्त आजीचं होतं.

कृषी विद्यापीठाच्या पत्रकात हे सगळं छापलेलं असतं, हे मला मान्य आहे. धार काढल्यावर गाय लगेच बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाका, हा सल्ला आजीलाही माहीत होता. ती तो पाळायचीही. का पाळायचा ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला सडाचं छिद्र अर्धा तास उघडं असतं हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं?" जणू हे मीच तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात मी पाटी आणि द्रावणाची बाटली घेऊन गावी गेलो. आता गोठ्यात तीन गाई आहेत, चुलते बघतात. संध्याकाळच्या धारेच्या आधी आम्ही तिघींचं दूध एकेक करून पाटीत घेतलं. पहिलीचे चारही खळगे पाण्यासारखे फिरले. दुसरीचेही. तिसरीच्या पुढच्या उजव्या सडाच्या खळग्यात दूध फिरता फिरता जड झालं, मध्ये गोळा झालं आणि पाटी तिरकी केल्यावर एका लगद्यात सरकलं. कास मऊ होती. धार स्वच्छ होती. गाय निवांत पेंड खात होती. चुलते म्हणाले, "हिला तर काहीच झालेलं नाही." मग त्यांनी स्वतः पुन्हा एकदा पाटी फिरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी नमुना तपासायला दिला, आणि त्या गाईची धार आता सगळ्यात शेवटी निघते. सड बुडवायचा पेला गोठ्याच्या खांबाला अडकवला आहे.

आजी उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होती. मी तिला पाटी दाखवली, तीन खळगे पातळ आणि एक घट्ट. चांदीलाही आधी असंच झालं असणार, म्हणून दूध आणि एसएनएफ दोन्ही उतरलं असणार, असं सांगितलं. ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली.

"हे असंच धर," ती म्हणाली. "आणि चल, केंद्र अजून उघडं असेल."